गाडीतली जागा

शनिवार, रात्री

दुपारी मंदारचा आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज. "उद्या पहाटे साडेतीनला निघायचं. गाडीत एक जागा रिकामी आहे, कोण येतंय?" लगेच एका नव्या मुलाने हात वर केला, चार अंगठे पडले, विषय संपला.

ती जागा माझी आहे. पुढची, ड्रायव्हरशेजारची. कात्रजचा बोगदा संपायच्या आत मागचे सगळे घोरायला लागतात आणि खंबाटकीपर्यंत मंदारला जागं ठेवायचं काम माझ्याकडे असतं. त्या मुलाला हे कुणी सांगितलं असेल का?

चुकलं कुणाचंच नाही. फिजिओने पळायचं बंद केलंय, हे मीच ग्रुपवर टाकलं होतं. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढायचा आणि तोच परत उतरायचा, आणि माझ्या नडग्यांना चढापेक्षा उतार जास्त बाधतो. पण 'नुसती ये गं, आम्ही पळून येईपर्यंत चहा पीत बस' एवढं एकालाही म्हणावंसं वाटू नये? मी गेले नसतेच. निदान नाही म्हणायची संधी तरी द्यायची. (साताऱ्याला जायला आणखी एक कारण होतं. ते जाऊ दे.)

की मला वाईट वाटू नये म्हणूनच विचारलं नाही? हे तर आणखी वाईट.

रोज झोपताना नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेते. दुखणं चांगलं चार बोटं लांब पसरलेलं असेल तर घाबरू नका, पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढं, कळ यावी असं दुखलं तर लगेच या, असं फिजिओने बजावलंय. तसं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि सुरुवातीला ती एक्स-रेतही दिसतेच असं नाही. त्यामुळे आपलं दुखणं कसं छान पसरट आहे याची खात्री करून मी समाधानाने दिवा मालवते. दम लवकर वाढतो, हाड सावकाश तयार होतं, माझं दुखणं त्या मधल्या फरकाचं. हे पटतं. पटून काय करायचं?

म्हणून टँक. कमरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात उभ्याने पळायचं, पाय तळाला टेकू द्यायचे नाहीत. हात-पाय सगळे पळतात, मी मात्र तिथेच. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा दहाएक ठोक्यांनी कमीच दिसते, तेव्हा घड्याळाकडे नाही, धाप किती लागते त्याकडे बघायचं. पहिल्याच दिवशी एका काकूंनी विचारलं, "गुडघे का?" म्हटलं, नाही, नडगी. "आपटलात कुठे?" नाही, पळून पळून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच सगळं खोटं वाटायला लागलं. मग म्हणाल्या, नारायण तेल लावा.

उभारी यावी म्हणून फिजिओने जोन बेनॉइटची गोष्ट सांगितली होती. १९८४ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीला १७ दिवस उरले असताना तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय वापरता येईनात तेव्हा ती सायकलची पेडलं हातांनी फिरवत राहिली. चाचणी जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला बायकांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही जिंकली. आज टँकवरून येताना मला त्यातलं एवढंच आठवत होतं की तिची जागा मधल्या काळात कुणी भरून टाकली नव्हती. ऑलिंपिक विजेतीशी बरोबरी करतेय मी, तीसुद्धा एका जुन्या वॅगनारच्या पुढच्या सीटवरून! इथे मात्र माझं मलाच हसू आलं.

उद्या काकूंनी सातच्या बॅचला बोलावलंय. तेव्हा ही मंडळी घाटात भिजत, धापा टाकत असतील. काकूंनीही आता पट्टा आणलाय. त्या पळत नाहीत, तरंगत सुनेबद्दल बोलतात. मला एक मिनिट जोरात आणि अर्धा मिनिट हळू असं करायचं असतं. जोरात असताना कानात नुसतं पाणी आणि माझाच श्वास, त्यामुळे सुनेची हकिगत माझ्यापर्यंत फक्त अर्ध्या अर्ध्या मिनिटांनी पोचते. काल ती कुकर तसाच गॅसवर ठेवून माहेरी निघाली इथवर कळलं, पुढच्या अर्ध्या मिनिटात एकदम बारसंच चालू होतं.