नशेत केलेली सही आणि करार कायदा

नवी मुंबईतील उलवे, द्रोणागिरी आणि विमानतळाच्या आसपासच्या गावांत साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात सिडकोकडून मिळणाऱ्या भूखंडांचे व्यवहार पुष्कळदा रात्रीच्या बैठकीत ठरतात. टोकनची रक्कम हातात पडते आणि त्याच टेबलावर इसारपावतीवर, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या लेखी करारावर, सही होते. अशी सही बांधते का, असे मला गावातली माणसे विचारतात. ‘प्यायलेला होता, म्हणजे करार गेला’ हे त्यावरचे प्रचलित उत्तर मला फार धोक्याचे वाटते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुदृढ मनाची असावी लागते. कलम १२ च्या दृष्टांतात तापाच्या भ्रमात बरळणाऱ्या माणसाच्या जोडीला मद्यधुंद माणूस ठेवलेला आहे. मात्र कराराच्या अटी समजू नयेत, किंवा त्यांचा आपल्या हितावर काय परिणाम होईल याचा विचार करता येऊ नये, इतकी नशा त्यात अभिप्रेत आहे. दोन पेग पोटात असणे पुरेसे नाही. इतकी नशा सिद्ध झाली, तर आपल्याकडे तो करार मुळातच निरर्थक ठरतो. इंग्लंडमध्ये मात्र असा करार मुळातच निरर्थक मानला जात नाही; १८७३ च्या मॅथ्यूज विरुद्ध बॅक्स्टर खटल्यात, लिलावात नशेत बोली लावून शुद्धीवर आल्यावर तिला मान्यता देणाऱ्याला माघार घेता आली नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. एरवी शहाणा असलेला माणूस सही करतेवेळी भानावर नव्हता, हे तसे म्हणणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. अमेरिकेतील लुसी विरुद्ध झेमर खटल्यात विक्रेत्याने आपण प्यायलेलो होतो आणि सगळी थट्टाच होती, असा बचाव घेतला. परंतु बायकोचीही सही घेता यावी म्हणून त्याने ‘मी’ असा लिहिलेला मजकूर ‘आम्ही’ असा पुन्हा लिहिला होता. एवढे भान असलेल्या माणसाचा बचाव व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये फेटाळला आणि ५० हजार डॉलरला शेत विकण्याचा करार पाळायला लावला. तो निकाल आपल्या न्यायालयांना बांधत नाही, पण इसारपावतीत स्वतःच्या हाताने रक्कम आणि मुदत खोडून दुरुस्त करणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा.

शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, म्हणून इसारपावतीने भूखंड जात नाही. तरीही तिच्या आधारे करार पूर्ण करून मागणारा दावा दाखल होऊ शकतो आणि भूखंड वर्षानुवर्षे अडकून पडतो. समोरच्याने डाव साधण्यासाठी मुद्दाम पाजले असेल, तर फसवणुकीचा किंवा गैरवाजवी दडपणाचा मुद्दा वेगळा मांडता येतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशीचे वागणे फार बोलके ठरते. ज्याला करार मान्य नाही, त्याने शुद्धीवर येताच तसे लेखी कळवावे, टोकन बँकेमार्फत परत करावे आणि पुढचा हप्ता मुळीच स्वीकारू नये, कारण तो घेतल्यानंतर नशेचे कारण न्यायालयाला पटवणे जवळजवळ अशक्य होते.