दिवसभर वाजवत असाल ना?

नोकरी सोडून दीड वर्ष झालं. भेटेल तो हेच विचारतो, ‘घरात पाच गिटारी आहेत, आता वेळच वेळ. दिवसभर वाजवत असाल ना?’ मी ‘हो, चालू असतं काहीबाही’ म्हणून सुटका करून घेत आलो. तुम्ही विचारलंत आणि उत्तरासाठी थांबलातही, म्हणून खरं ते सांगतो. पहिले चार महिने मी एकाही गिटारीला हात लावला नाही.

या पाच जमल्या कशा, ते आधी सांगायला हवं. कामाचा रेटा असह्य झाला की मी गिटार घ्यायचो. वाजवायला वेळ नसायचाच, पण ‘कधीतरी वाजवू’ एवढी सोय व्हायची. पहिली नायलॉनच्या तारांची, शिकताना घेतलेली. मग मोठ्या पोटाची ड्रेडनॉट. 1906 साली पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवरून या आकाराला ते नाव पडलं, आणि जोरात छेडली की ते पटतंही. मग बारा तारांची. बढती मिळाली तेव्हा टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतली, पुढची हुकली तेव्हा लेस पॉल, तीही इलेक्ट्रिकच. टेलिकास्टर बनवणाऱ्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ही माहिती मी पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवलीय की घरचे आता उठूनच जातात. न वाजवता गिटारी बाळगणाऱ्याला यापेक्षा भक्कम आधार कुठून मिळणार?

तर, नोकरी सुटली आणि तिच्याबरोबर सबबही सुटली. तोपर्यंत मला मनोमन खात्री होती की वेळ नाही म्हणून अडलंय, नाहीतर मी बरा वाजवला असता. आता गिटार मांडीवर घेतली की नेमकं काय येतं ते उघडं पडणार होतं. येत काय होतं? सात-आठ कॉर्ड आणि डझनभर गाण्यांची फक्त सुरुवात. मग मी कपाटं आवरली, जुनी बिलं फाडली, मंगळवार आहे की गुरुवार हे मोबाइलमध्ये बघायला लागलो.

एके दिवशी धूळ पुसायला म्हणून ड्रेडनॉट खाली काढली. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या, कडेवरून फडकं फिरवताना ते अडकलं. बोट फिरवून बघितलं तर नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची टोकं करवतीसारखी टोचत होती. हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, धातूची पट्टी आहे तेवढीच राहते, म्हणून तिची टोकं बाहेर येतात. लाकडी गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. माझ्या खोलीत 31 होती. मी उचलून केसमध्ये ठेवली, भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबी शेजारी ठेवली आणि केस बंद केली. मग रोज सकाळी उठून आकडा बघायचा. 34. 38. स्पंज परत ओला करायचा. उठल्यावर पहिलं करायचं असं काही काम चार महिन्यांनी पहिल्यांदा होतं.

दहा-बारा दिवसांत टोकं आत गेली. मग तारा बदलल्या. जुन्या इतक्या गंजल्या होत्या की बोटं काळी झाली. नव्या सुरात लावल्यावर नेकचा बाक तपासायचा असतो. पहिली पट्टी आणि नेक जिथे पोटाला मिळतो तिथली पट्टी, दोन्हीकडे तार दाबून धरायची आणि सातव्या पट्टीवर किती फट राहते ते बघायचं. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी. कार्डं तर माझ्याकडे खोकंभर उरलेली. नाव, हुद्दा, डेस्कचा फोन नंबर. एक सरकवलं तर सैल जात होतं. नेकच्या आत बाक कमी-जास्त करायला एक सळई असते, ट्रस रॉड. तिला चावी लावून उजवीकडे पाव फेरा दिला आणि सोडून दिलं. त्याहून जास्त एका दमात द्यायचा नाही, लाकडाला रात्रभर मुरू द्यायचं. ऑफिसात मी कुठली गोष्ट उद्यावर टाकली असेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी तार न हलवता कार्ड जेमतेम आत गेलं. इतकी वर्षं वाटलेल्या कार्डांपैकी हे एकच नेमक्या जागी बसलं असावं.

मग राहवेना. ई मायनर वाजवला. दहा मिनिटांत बोटांची टोकं हुळहुळायला लागली, घट्टे केव्हाच विरून गेले होते.

आता वेळापत्रक आहे. सोमवारी नायलॉनची, मंगळवारी ड्रेडनॉट, बुधवारी टेलिकास्टर, गुरुवारी लेस पॉल. एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचा एफ कॉर्ड मला गुरुवारीच धड जमतो, कारण लेस पॉलच्या तारेची लांबी 24.75 इंच आणि टेलिकास्टरची 25.5. लांबी कमी तर त्याच जाडीच्या तारेला ताणही कमी. पाऊण इंचाचा फरक, पण साठीतल्या बोटांना तो बरोबर कळतो. शुक्रवारी बारा तारांची. तिच्या खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक तार सप्तकभर वर लावायची आणि उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. बाराव्या तारेपाशी पोहोचेपर्यंत पहिली उतरलेली असते. गेल्या शुक्रवारी नुसत्या खुंट्या पिळण्यात वेळ गेला, वाजवायची राहिलीच.

म्हणजे दिवसभर वगैरे काही नाही, रोज पाऊण तास. गाणी अजून अर्धीच येतात, पण दोनांचे अंतरे सुटलेत.

आणि सहावी घेणार का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल तर नाही. शनिवार-रविवार मला सुट्टी असते.