सरकता पट्टा

कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि चित्रात आडवे पट्टे आले की घरातल्या प्रत्येकाला एकेक मत फुटतं. गिरगावातल्या मावशीचं म्हणणं, टीव्ही म्हातारा झाला. काकांचं म्हणणं, वायर स्वस्तातली आणली. शेजारच्या मुलाने थेट व्हायरसचं नाव घेतलं. मला मात्र असे पट्टे आवडतात. ते घरातले नसतातच, बाहेरून येतात.

मावशीचा कॉम्प्युटर जुना, म्हणून मध्ये व्हीजीए केबल. ही १९८७ सालची पद्धत. लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचे वेगळे सिग्नल, प्रत्येक फार तर ०.७ व्होल्टचा. त्यात काही मिलिव्होल्ट शिरले तरी डोळ्याला खुपतात. टीव्हीचा प्लग दोन पिनांचा, म्हणजे त्याला स्वतःचं अर्थिंग नाही. पण केबलवाल्याची वायर सेट टॉप बॉक्समधून त्याला जोडलेली. २०१२च्या अखेरीस मुंबईत बॉक्स सक्तीचा झाला आणि चित्र डिजिटल झालं, वायर तीच राहिली. गच्चीवरून गच्चीवर लोंबकळत, कुणाच्या दांडीवरच्या ओल्या चादरीला शिवून येणारी. तिची बाहेरची धातूची जाळी पलीकडच्या इमारतीतलं अर्थिंग घेऊन घरात शिरते. कॉम्प्युटर तीन पिनांचा, त्याचं अर्थिंग चाळीच्या वायरिंगमधून. दोन्ही ठिकाणच्या जमिनीत विजेचा थोडा फरक असतोच, आणि तो व्हीजीएच्या जाळीतून वाहायला लागतो. भांडण दोन इमारतींचं, दिसतं मावशीच्या पडद्यावर.

खरी गंमत पुढे आहे. कॉम्प्युटर सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, आपली वीज ५० वेळा हेलकावते. मेळ बसत नाही, म्हणून पट्टे थरथरतात. तो टीव्ही सेकंदाला ५० चित्रंही घेत होता, म्हणून कॉम्प्युटरचं सेटिंग तिथे नेलं. थरथर थांबली आणि एकच रुंद पट्टा सावकाश खाली सरकू लागला. विजेची वारंवारता, म्हणजे सेकंदातले हेलकावे, ४९.९५ असेल तर पडदाभर फेरी मारायला त्याला २० सेकंद लागतात. ती ५०च्या जवळ आली की तो रेंगाळतो, वर गेली की उलटा चढतो. ही वारंवारता काही एकट्या गिरगावची नव्हे. २०१३ सरता सरता दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकीच्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून देशभर एकच. म्हणजे पंजाबातले पंप आणि तमिळनाडूतल्या सूतगिरण्या मिळून मावशीचा पट्टा वरखाली करतात. काकांना हे इतकं पटलं की ते मालिका सोडून पट्टाच बघत बसले.

कारण शोधायची रीत साधी, एकेक वायर काढत जायचं. केबलवाल्याची उपटली आणि चित्र लख्ख. लॅपटॉप असता तर चार्जर काढून बॅटरीवर चालवतानाही हेच दिसलं असतं.

एका इलेक्ट्रिशियनने उपाय सुचवला होता, कॉम्प्युटरची तिसरी पिन काढून टाका. पट्टे जातात, हे खरं. पण उद्या आत वीज उतरली तर ती जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की राग येतो. एचडीएमआय या नव्या डिजिटल केबलवर हे पट्टे उमटत नाहीत, कारण तिथे रंग आकड्यांच्या रूपात येतात आणि एवढ्याशा गडबडीने आकडा बदलत नाही. पण त्यासाठी कॉम्प्युटर बदलावा लागला असता, आणि काका अजून त्याच्यावर पत्ते खेळतात.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून केबलच्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेटर आणला. चित्र पुढे जातं, जाळीचा संबंध तुटतो. बसवला, पट्टा गेला. मावशी खूश. काका थोडे हिरमुसले, मग म्हणाले, "आता मिक्सर लावून बघ गं, त्याने काय होतं ते पाहू."