'दीवार' का नको, ते एकदाचं सांगते

गच्चीवर महिन्यातून एकदा पडदा लावायचा आणि सिनेमा मी निवडायचा, हे काम तुम्हीच माझ्या गळ्यात घातलंत. तेव्हापासून दर खेपेला एकच विचारणा: "बाई, 'दीवार' कधी?" माझी उत्तरं आता मलाच पाठ झालीत. तीन तासांचा आहे, म्हाताऱ्यांना थंडी बाधेल. सगळ्यांनी दहादा पाहिलाय. प्रिंट खराब आहे. (प्रिंट उत्तम आहे. माझ्याकडेच आहे.) मागच्या वेळी कुणीतरी म्हणालं की बाईंना अमिताभ आवडत नाही, आणि सगळे हसले. मग 'अभिमान' कुणी लावला होता? 'चुपके चुपके' कुणी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण यानंतर विचारू नका.

पहिल्यांदा पाहिला तो लालबागला, गणपतीत. चाळीमागच्या गल्लीत दोन खांबांना पांढरा कपडा ताणून बांधलेला. समोरच्या बाजूला पुरुषमाणसं, मागच्या बाजूला आम्ही बायका-पोरं. मागून सिनेमा अख्खा दिसतो, फक्त उलटा. मी नऊ वर्षांची, दादा चौदाचा. त्याला पुढे बसता आलं असतं, पण मला दिसावं म्हणून तो मला खांद्यावर घेऊन मागे उभा राहिला. विजयच्या हातावरची गोंदलेली अक्षरं मला वाचता येईनात. दादाने ती जुळवून माझ्याकडे मान वर करून सांगितली: "मेरा बाप चोर है लिहिलंय." दुसऱ्या दिवशी सगळी चाळ विजय झाली होती, सदऱ्याला गाठ मारून. मी एकटी रवीची. मला वर्दी आवडली, पदक आवडलं. शाळेत मला पदकं मिळायची.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यापुढचं तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांचे वडील गिरणीतच होते. आमचे साच्यावर. दादा त्या मार्चमध्ये दहावीला बसला, पास झाला, आणि कॉलेजचा फॉर्म आणायला गेलाच नाही. सिनेमात तो पोरगा आईला बोलून दाखवतो की मी काम करीन, रवी शाळेत जाईल. आमच्याकडे कुणी काही बोललं नाही. दादा एका टेम्पोवर क्लीनर म्हणून जायला लागला आणि माझ्या वह्या वेळेवर येत राहिल्या. माझ्या डी.एड.ची फी त्यानेच भरली. मी शिक्षिका झाले.

तो टेम्पोवरून गोदीत एका क्लिअरिंगवाल्याकडे गेला, तिथून एका बिल्डरकडे. काम काय, तर सह्या आणायच्या. जुनी चाळ पाडून टॉवर उभा करायचा तर तेव्हा 70 टक्के भाडेकरूंची संमती लागायची. दादाला सगळी चाळ ओळखत होती. कुणाच्या आजारपणात, कुणाच्या मयताला धावलेला मुलगा. त्याने सह्या आणल्या, माणसं संक्रमण शिबिरात गेली. दादाला तीन खोल्या मिळाल्या, लिफ्टसकट. गाडीही आली.

आता 2004 चा मे महिना. आई तेव्हा माझ्याकडे, इथे डोंबिवलीत. दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते आणि मी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. दादाला कुठून तरी कळलं. रविवारी दुपारी आला, सुक्यामेव्याचा लाकडी डबा घेऊन. वर काजू-बदामाचा थर, खाली कागद, कागदाखाली दीड लाख रुपये. डबा त्याने टीपॉयवर ठेवला. मी तो उचलून त्याच्या बाजूला सरकवला. त्याने परत माझ्याकडे सरकवला. दोन-तीनदा असं झालं, काचेवर तो डबा घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी म्हटलं, सह्यांचे पैसे आईच्या गुडघ्यात नकोत. हे वाक्य मी आधीच तयार करून ठेवलं होतं, हे आज कबूल करते. तो येणार हे मला माहीत होतं.

तो चिडला नाही आधी. मग चिडला. म्हणाला, "अगं माझ्याकडे आज घर आहे, गाडी आहे, चार पैसे आहेत. तुझ्याकडे काय आहे? पगार, आणि पतपेढीचा हप्ता."

आता तुम्हीच सांगा, एवढा आयता चेंडू आल्यावर कुणी सोडला असता? मी मान जराशी खाली घातली, शशी कपूरसारखा आवाज काढला आणि ते चार शब्द म्हटले. मिस्टर खो-खो हसले. माझी मुलगी हसली. दादाही हसला, म्हणाला, "घ्या, गेला सामना." चहा झाला, पोह्यांची बशी त्याने संपवली, चपला घातल्या. आई खाटेवर मेथी निवडत बसली होती. ती हसली नव्हती, हे मला तो गेल्यावर लक्षात आलं. डबा टीपॉयवरच राहिला होता. संध्याकाळी मी तो मिस्टरांबरोबर परत पाठवला, काजूंसकट.

रात्री आई अंधारात म्हणाली, "तुझ्याकडे नाही आणि त्याच्याकडेही नाही. मी आपली या खाटेवर आहे." एवढंच. सकाळी पुन्हा नेहमीसारखी.

दादा ऑपरेशनला आला, रक्ताची बाटली मिळवली, रात्री बाकावर झोपला. पण माझ्या घराची पायरी काही तो चढला नाही. सात वर्षं. 2011 च्या गणपतीत आई त्याच्याकडे पाच दिवसांसाठी गेली आणि गौरी-विसर्जनानंतर म्हणाली, इथेच राहते, इथे लिफ्ट आहे. 2013 मध्ये गेली ती तिथूनच.

त्यानंतर सहा वर्षांनी, एका सुट्टीच्या दुपारी, मी 'दीवार' एकटीने पाहिला. समोरून, सुलटा. माझा रवी काय करतो ते बघायला बसले होते, आणि पुलाखालच्या त्या प्रसंगात मला भलतंच ऐकू आलं. विजयने भावाला तिथे कशाला बोलावलंय? तू बदली करून घे, या शहरातून निघून जा, हे सांगायला. त्याची माणसं रवीच्या जिवावर उठलीत म्हणून. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो श्रीमंतीचा तोरा मिरवायला आलाय. तोरा येतो तो नंतर, रवी आदर्शांच्या गोष्टी करायला लागल्यावर. भावाला वाचवायला आलेला माणूस तिथे उभा आहे, आणि आपण टाळ्या वाजवतो त्या त्याला गप्प करणाऱ्या वाक्याला.

दुसरा प्रसंग तर माझा लाडका होता. पाव चोरून पळणाऱ्या पोराच्या पायावर रवी गोळी झाडतो, मग खाण्याचं काहीतरी घेऊन त्याच्या घरी जातो. वडील निवृत्त शिक्षक, ए. के. हंगल. ते म्हणतात, चोरी ती चोरी, एका पैशाची असो नाहीतर लाखाची. अशी शिकवण शिक्षकाच्याच घरी मिळू शकते, असं रवी म्हणतो. हे वाक्य मी वर्गात किती वर्षं वापरलं असेल! पोराची आई त्याच घरात आक्रोश करत असते, तिचं मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि रवी तिथून जे शिकून निघतो, ते वापरतो कुणावर? ज्याच्या बूटपॉलिशच्या पैशांवर शिकला त्याच्यावर.

शेवटी आईच रवीच्या हातात पिस्तूल देते, आणि मग देवळात जाऊन बसते. विजयची वाट बघत. म्हणजे कुणाकडे आहे मग माँ? सलीम-जावेदनी ते लिहून ठेवलंय, 1975 पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि आपण गणपतीत, लग्नात, व्हॉट्सॲपवर तेच चार शब्द फेकतोय.

म्हणजे आता मी विजयची झाले का? नाही हो. तेही जमत नाही. आमच्या चाळीतल्या पहिल्या मजल्यावरच्या मावशी शिबिराच्या पत्र्याखालीच गेल्या, टॉवर त्यांनी पाहिलाच नाही. ते मी दादाला माफ केलेलं नाही. पण मग हेही सांगायला हवं. दादा मावशींची सही घ्यायला गेला तेव्हा मी तिथेच होते, माहेरी आले होते, चहा पीत होते. मावशींना अक्षर लागत नव्हतं. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला, "तू मास्तरीण, तू सांग." मी कागद वाचला नाही. बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे करा." हे मी दादाशी भांडताना कधी बोलले नाही. त्यानेही काढलं नाही, हे जास्त लागतं.

गेल्या दिवाळीत मी त्याला विचारलंच, की तेव्हा मी जे बोलले त्याचा राग आला होता ना? तो म्हणाला, "कुठलं? शशी कपूरचं? भारी मारलंस ते! मी ऑफिसात पण सांगितलं." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "डबा परत पाठवलास ना. त्यातले काजू तरी ठेवायचेस."

आता वीस वर्षं मी चुकीच्या वाक्यासाठी झुरत होते की काय, कुणास ठाऊक. की तो अजूनही मला सांभाळून घेतोय, खांद्यावर घेतल्यासारखा? विचारायची हिंमत झाली नाही.

तर या महिन्यात 'गोलमाल' आहे. शनिवारी सात वाजता. खुर्च्या आपापल्या आणा.