काट्याच्या अलीकडे, पलीकडे

पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे होतं, ही २०२४ च्या ऑलिंपिकने भारतीय चाहत्यांवर केलेली मोठी मेहरबानी. नेमबाजी जेवणाच्या वेळेला, हॉकीचा कांस्यपदकाचा सामना संध्याकाळच्या चहाला, आणि भालाफेक मध्यरात्रीला पाच मिनिटं कमी असताना. १ ऑगस्टच्या गुरुवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत झोपेचं खोबरं झालं खरं, पण नोकरी शाबूत राहिली. हे दिवस मोजले तर नऊ भरतात. चाहत्याचा आठवडा असाच ऐसपैस असतो.

सुरुवात स्वप्निल कुसाळेने केली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. त्याची अंतिम फेरी पॅरिसात नव्हतीच, तिथून अडीचशेहून अधिक किलोमीटरवरच्या शातोरूला होती. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन हा प्रकार टीव्हीवर पाहणाऱ्याला पहिली दहा मिनिटं काहीच घडत नसल्यासारखा वाटतो. माणूस बसलाय, मग झोपलाय, मग उभा राहिलाय. पण बघायला शिकलं, तर क्रिकेटचं शेवटचं षटक याच्यापुढे निवांत वाटावं.

पात्रता फेरीत तिन्ही आसनांत वीस-वीस, एकूण साठ गोळ्या. तिथे दशांश नसतो. दहाच्या वर्तुळाच्या कडेला चाटून गेलेली गोळीही दहा आणि अगदी मधोमध बसलेलीही दहाच. स्वप्निलने ६०० पैकी ५९० मिळवले आणि तो सातवा आला. दुसरा भारतीय नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंग तोमरचे ५८९ झाले, तो अकरावा. आठच जण पुढे जातात. साठ गोळ्यांत एका गुणाची ही तफावत, आणि एक घरी.

अंतिम फेरीत मात्र पाटी कोरी आणि हिशोब दशांशात. दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं, पन्नास मीटरवर. पुढची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरच्या अंतराने. म्हणजे एक दशांश गुण हा ०.८ मिलिमीटरचा मामला. तेव्हाच्या नियमाने आधी गुडघ्यावर बसून पंधरा गोळ्या. उजव्या हाताने नेम धरणारा उजव्या घोट्याखाली गुंडाळी केलेली उशी घेतो, डावं कोपर डाव्या गुडघ्यावर टेकवतो आणि दंडाला पट्टा आवळतो. उशी थोडी सरकली की सगळा मनोराच कलतो, म्हणून बैठक जमवण्यातच बराच वेळ जातो. मग पोटावर झोपून पंधरा. हे त्यातल्या त्यात सोपं, त्यामुळे इथे सगळेच चांगलं मारतात आणि कुणालाच फारसं कमावता येत नाही. खरी परीक्षा शेवटी उभं राहून. पट्टा नाही, टेकू नाही, आठ किलोपर्यंतची रायफल आणि तिला आधार म्हणून कमरेच्या हाडावर टेकवलेलं कोपर. तो जाड, ताठ कोट दिसायला शोभेचा वाटतो, पण पाठ तोलून धरण्याचं काम तोच करतो.

उभ्याने दहा गोळ्या झाल्या की शेवटचे दोघे बाहेर. त्यानंतर प्रत्येक गोळीला एक जण बाहेर. स्वप्निल गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा होता, पोटावरच्या फेरीनंतर पाचवा. एरवी ‘मागे पडला’ म्हणून चॅनेल बदलण्याची हीच वेळ. पण थ्री पोझिशन जाणणारा उभ्या फेरीची वाट पाहतो, कारण भल्याभल्यांचे पाय तिथे लटपटतात. स्वप्निलच्या शेवटच्या चार सुट्या गोळ्या होत्या १०.५, ९.४, ९.९ आणि १०.०. तो ९.४ काळजाचा ठोका चुकवणारा होता. १०.४ पासून तो फक्त आठ मिलिमीटर लांब. तरी तो टिकला, आणि चव्वेचाळिसाव्या गोळीनंतर ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन बाहेर आला. चीनच्या लिऊ युकुनला सुवर्ण, युक्रेनच्या सेरही कुलिशला रौप्य. सरासरी काढली तर स्वप्निलची गोळीमागे सव्वादहाच्या थोडी वर जाते. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते ७२ वर्षांनी. आधीचं १९५२ चं, हेलसिंकीतलं, खाशाबा जाधवांचं. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा यायचंच आहे.

४ ऑगस्टचा रविवार म्हणजे आषाढी अमावस्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, तेव्हा कुकरमध्ये काय शिजत होतं ते सांगायला नको. दुपारी दीडला ग्रेट ब्रिटनविरुद्ध हॉकीची उपांत्यपूर्व लढत, आणि सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. हॉकीत हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच, आणि लाल म्हणजे सामना संपेपर्यंत, बदली न देता. त्रेचाळीस मिनिटं दहा जणांनी खेळायचं. स्टिक मुद्दाम लागली की ओघात, यावर चाहते अजूनही भांडतात. पाहण्यासारखं होतं ते नंतरचं. मनप्रीत सिंग मधल्या फळीतून बचावात उतरला, चेंडू मागण्यापेक्षा जागा अडवण्यावर सगळ्यांनी भर दिला, आणि गोलरक्षक श्रीजेश गोलपोस्टला खांबासारखा चिकटला. १-१ नंतर शूटआउट. तेवीस मीटरच्या रेषेवरून निघायचं आणि आठ सेकंदांत गोल करायचा. भारताचे चारही गेले, ४-२.

पण लाल कार्डाचं खरं बिल दोन दिवसांनी आलं. कार्डाबरोबर एका सामन्याची बंदी येते, आणि रोहिदास हा पेनल्टी कॉर्नरवर पहिला धावत सुटणारा बचावपटू. पेनल्टी कॉर्नरला गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागे असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू ढकलला गेला की पहिल्याने नाकासमोर थेट ड्रॅग फ्लिक (स्टिकने चेंडू ओढत नेऊन भिरकावणं) मारणाऱ्याच्या अंगावर जायचं, ते मास्क आणि गुडघ्याचे पॅड लावून. त्याला गोल वाचवायचा नसतो, मारणाऱ्याचा कोन कापायचा असतो. ड्रॅग फ्लिकला उंचीचं बंधन नाही. सरळ फटका मात्र ४६० मिलिमीटर उंच फळीच्या वरून गेला तर गोल धरत नाहीत. त्यामुळे फ्लिक करणाऱ्याला रोखायला हा पहिला धावणारा लागतोच. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो नव्हता, आणि गोंझालो पेयाचा बरोबरीचा गोल पेनल्टी कॉर्नरवरच आला. ३-२ ने हरलो. रोहिदास असता तर जिंकलो असतो असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण ती मोकळी वाट डोळ्यांत खुपली. गुरुवारी कांस्यासाठी स्पेनला २-१ ने हरवलं, हरमनप्रीतचे दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर. सलग दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक, हे १९६८ आणि १९७२ नंतर प्रथमच.

त्याच रविवारी बॅडमिंटनच्या उपांत्य फेरीत लक्ष्य सेन व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनविरुद्ध पहिल्या गेममध्ये २०-१७ ने पुढे होता, दुसऱ्यात ७-० ने. दोन्ही गेम गेले. सोमवारी कांस्याच्या लढतीत पहिला गेम २१-१३ जिंकून पुढचे दोन हरला. याबद्दल जास्त लिहवत नाही.

बुधवारी सकाळी मात्र जी बातमी आली, तिने सगळा देश वजनकाट्याचा तज्ज्ञ झाला. विनेश फोगाटने आदल्या दिवशी जपानच्या युई सुसाकीला ३-२ ने हरवलं होतं, जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही हरली नव्हती. मग आणखी दोन लढती जिंकून ती अंतिम फेरीत. आणि सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त. शंभर ग्रॅम म्हणजे चार-पाच पेढे. ‘एवढ्यासाठी?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत विचारला गेला.

नियम असा आहे. पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी घेत आणि स्पर्धा एका दिवसात उरकत. मल्ल पाणी सोडून वजन उतरवायचे, रात्रभरात पुन्हा भरून घ्यायचे आणि सकाळी वरच्या गटातल्यासारखे उतरायचे. ही खेळी मोडायला २०१८ पासून प्रत्येक गट दोन दिवसांचा झाला आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन आलं. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. त्या वेळात काट्यावर कितीही वेळा चढा, पण सिंगलेटसाठीही (मल्लाचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) सूट नाही. दुसऱ्या दिवशीचं वजन चुकलं तर मल्ल सगळ्यात शेवटी, क्रमांकाविना. आदल्या दिवशीचे विजय मोजत नाहीत.

विनेशचा जुना गट ५३ किलोचा. तिथली ऑलिंपिकची जागा अंतिम पंघालने आधीच मिळवली होती, म्हणून विनेश ५० वर उतरली. मंगळवारी सकाळी ती गटात बसली. पण तीन लढतींसाठी खावं-प्यावं लागतंच, आणि शरीर साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (अंगात साठणारी साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. संध्याकाळी वजन मर्यादेपेक्षा २.७ किलोने जास्त भरलं. मग रात्रभर सौना (कडक गरम खोलीत बसून घाम काढणं), व्यायाम, पाणी बंद, शेवटी केसही कापले. अडचण अशी की अंगात पाणी उरलं नाही की घाम यायचाच थांबतो. पहिले दोन किलो झपाट्याने उतरतात, शेवटचे दोनशे ग्रॅम हाडाला चिकटल्यासारखे बसतात. नियम निर्दय आहे, पण लपवलेला नव्हता. खटकतं ते एवढंच की सुसाकी, लिव्हाच आणि गुझमान यांना हरवलं तेव्हा ती वजनात होती. तो दिवस तरी तिच्या नावावर राहायला हवा होता. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला अपील फेटाळलं.

या गदारोळात त्याच रात्री एकनंतर धावलेल्या अविनाश साबळेकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा महार रेजिमेंटचा जवान, ऑलिंपिक स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे, प्रत्येक ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि धक्का लागला तरी न पडणारे. तो ८:१४.१८ वेळेत अकरावा आला.

गुरुवारच्या मध्यरात्री नीरज चोप्राच्या सहा फेकींपैकी पाच फाउल. दुखऱ्या जांघेने तो खेळत होता. भाला सुटताना डावा पाय खिळ्यासारखा रोवला नाही, तर धावण्याचा वेग भाल्यात उतरत नाही आणि अंग पुढे जातं. नीरज तसाही फेकीनंतर हातांवर पडतो, त्याला रेषेआधी दीड-दोन मीटर मोकळी जागा लागते. शिवाय फेक आखूड गेली असं वाटलं की भालाफेकपटू मुद्दाम रेषा ओलांडतात, कारण मोजायची असते ती सर्वोत्तम एकच फेक. म्हणून पाच लाल बावटे पाहून घाबरण्यात अर्थ नव्हता. ८९.४५ चा एकच वैध, तोच रौप्याचा. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेकून २००८ चा ९०.५७ हा ऑलिंपिक विक्रम मोडला होता. त्यापुढे कुणाचंच गणित चालत नव्हतं.

त्याच गुरुवारी अमन सेहरावत ५७ किलो गटाच्या उपांत्य फेरीत जपानच्या रेई हिगुचीकडून १०-० हरला. हा हिगुची २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकसाठीच्या आशियाई पात्रता स्पर्धेत पन्नास ग्रॅमने वजन चुकल्यामुळे बाद झाला होता. पॅरिसला त्याने सुवर्ण घेतलं. अमनला कांस्याची लढत मिळाली. त्यासाठी शुक्रवारी सकाळी पुन्हा काटा, आणि रात्री अमनचं वजन होतं ६१.५ किलो.

शुक्रवारी नागपंचमी. महाराष्ट्रात नागपंचमी आणि तालमीचं नातं जुनं आहे, आणि ५७ हा आकडा तर गोळेश्वरच्या खाशाबांचा. १९५२ मध्ये त्यांनी कांस्य घेतलं ते याच फ्रीस्टाइलच्या, याच ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये. अमनच्या दोन प्रशिक्षकांनी रात्रभर ठरवून काम केलं. आधी मॅटवर दीड तास उभ्याने कुस्ती, मग तासभर गरम पाण्याची अंघोळ, मग जिममध्ये ट्रेडमिलवर तासभर, मग पाच-पाच मिनिटांच्या पाच सौना-फेऱ्या. तरीही ९०० ग्रॅम उरले. मग मालिश, हलकं पळणं, आणि पंधरा-पंधरा मिनिटं पळण्याच्या पाच फेऱ्या. पोटात लिंबू-मधाचं कोमट पाणी आणि थोडी कॉफी, तेही घोट घोट. दहा तासांत ४.६ किलो उतरले आणि काटा ५६.९ वर थांबला. शंभर ग्रॅम, पण अलीकडच्या बाजूला. त्या रात्री त्याने प्वेर्तो रिकोच्या डेरियन क्रूझला १३-५ ने हरवलं.