जुन्या स्वस्त टॅबला नवं अँड्रॉइड येणार का?

"भो, ह्या टॅबले नवं अँड्रॉइड येई का?" असं विचारणारे वर्षभर असतात पण जूनमधे जरा जास्तच. शाळा-कॉलेज सुरू व्हायच्या आधी कपाटातला टॅब बाहेर निघतो, चार्जिंगला लागतो, आणि बऱ्याच वेळाने एकदाचा चालू झाला की कळतं पोराच्या क्लासचं ॲप काही इन्स्टॉल होत नाहीये, 'तुमच्या डिव्हाइससाठी उपलब्ध नाही' असं काहीतरी येतंय. मग अपडेटची शोधाशोध. आमच्या जळगाव भागात अमळनेर असो, चोपडा असो की फैजपूर, टॅब बहुतेक सगळे एकाच काळातले, २०२०-२१ च्या लॉकडाऊनमधे ऑनलाइन शाळेसाठी घाईत घेतलेले, दुकानात जो शिल्लक होता तो. आठ-दहा हजाराच्या आतबाहेर. २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड ९ नाहीतर १०.

तर सरळ उत्तर घ्या, नाही येणार. तीन-चार वर्षांपूर्वीचा दहा हजाराच्या आतला टॅब असेल तर जे यायचं होतं ते येऊन गेलं, सेटिंगमधे जाऊन रोज 'अपडेट तपासा' दाबून काही होत नाही. 'तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे' असं तो सांगतो ना, ते खोटं नाहीये, त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने त्या टॅबसाठी बनवलेलं शेवटचं जे होतं ते तुमच्याकडे आहे. पुढचं बनवलेलंच नाही.

का नाही बनवत, हे जरा नीट समजून घेण्यासारखं आहे कारण लोकांना वाटतं गुगल देतं आणि आपल्यापर्यंत पोचत नाही, मधे कोणीतरी अडवून ठेवलंय. गुगल दरवर्षी नवं अँड्रॉइड काढतं, त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला असतो, पण तो कोड तुमच्या टॅबमधल्या चिपला ओळखतच नाही. कॅमेरा, वायफाय, स्क्रीन, आवाज, सगळ्याचे ड्रायव्हर (म्हणजे तो तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) चिपवाल्या कंपनीने म्हणजे मीडियाटेक, युनिसॉक, क्वालकॉम वगैरेंनी नव्या व्हर्जनसाठी तयार करून द्यायचे, मग टॅबच्या कंपनीने ते आपल्या सॉफ्टवेअरमधे बसवायचे, मग गुगलच्या सगळ्या टेस्ट पास करायच्या (नाहीतर प्ले स्टोअर टाकता येत नाही), आणि मग ते तुमच्याकडे पाठवायचं, आणि त्यात दोन-चार हजार टॅब जरी बंद पडले तरी सर्व्हिस सेंटरला रांग लागणार ती वेगळीच. एवढ्या सगळ्याला पगारी माणसं लागतात. आणि कंपनीला पैसे मिळाले कधी, तर टॅब विकला त्या दिवशी, एकदाच. सात-आठ हजाराच्या टॅबमधे सुटतंच किती!

आपल्याकडे केळीचा घड कापला की त्या खोडाकडे कोण बघतं, पाणी आणि खत जातं पिलाला, म्हणजे बाजूला फुटलेल्या नव्या कोंबाला. स्वस्त टॅबचं डिट्टो तसंच आहे. पुढच्या वर्षीचं मॉडेल म्हणजे पिल, कंपनीचं सगळं लक्ष तिकडे.

आता कोणी म्हणेल फोनला तर येतात की अपडेट. फोनचं एकेक मॉडेल खूप विकलं जातं आणि लोक दोन-तीन वर्षांत बदलतात, पुढचा फोनही आपलाच घ्यावा म्हणून कंपनीला तुम्हाला खुश ठेवावं लागतं. टॅब माणूस एकदा घेतो आणि पार फुटेपर्यंत वापरतो. असं गिऱ्हाईक कंपनीच्या काय कामाचं.

२०१७ मधे अँड्रॉइड ८ सोबत गुगलने प्रोजेक्ट ट्रेबल म्हणून एक मोठा बदल केला होता, चिपच्या ड्रायव्हरचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळा करून टाकला, म्हणजे दरवेळी सगळं पहिल्यापासून शिवायला नको. तेव्हा मलाही वाटलं होतं चला आता सुटला प्रश्न. काम सोपं झालं हे खरं, पण सोपं काम सुद्धा कोणीतरी करावं लागतं ना, आणि ज्याला करायचंच नाही त्याला सोपं काय आणि अवघड काय.

म्हणूनच मी चिपला फार दोष देत नाही. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए७ लाइट घ्या, २०२१ चा, आत मीडियाटेकची हेलिओ पी२२टी, म्हणजे मुळात २०१८ च्या पी२२ चंच टॅबसाठीचं रूप, काही दम नाही त्यात. तरी तो अँड्रॉइड ११ वर आला आणि १४ पर्यंत गेला. टॅब ए८ मधे युनिसॉकची चिप, तोही ११ वरून १४. त्याच्या आधीचा २०२० चा टॅब ए७ मात्र १० वरून १२ वर जाऊन थांबला आणि २०१९ चा टॅब ए ८.० हा ९ वरून ११ वर. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच किमतीच्या गटात, आधी दोन मोठे अपडेट मिळत होते मग तीन मिळाले. कंपनीने मनावर घेतलं तर मरतुकड्या चिपवर पण होतं. आणि नाव सुद्धा धड आठवत नाही अशा कंपनीचे जे टॅब आपल्याकडे विकले गेले त्यांना एक सुद्धा आलं नाही, विकला त्या दिवशी जे होतं तेच आजही.

हे दुखणं काही आजचं नाही बरं का. आकाश टॅब आठवतो का? ५ ऑक्टोबर २०११ ला सरकारने गाजावाजा करून आणला होता, जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून, सव्वादोन हजाराच्या आसपास. आत अँड्रॉइड २.२, जे २०१० चं. आणि त्याच महिन्यात दोन आठवड्यांनी गुगलने अँड्रॉइड ४.० जाहीर केलं. स्वस्त टॅब जन्मालाच जुना येतो तो असा.

बरं, समजा आलं अपडेट, तर? इथे माझं मत थोडं वेगळं आहे, सगळ्यांना पटत नाही. २ जीबीच्या टॅबला नवं मोठं व्हर्जन न आलेलंच बरं. २०१२ चा नेक्सस ७ होता, खुद्द गुगलचा, आसूसने बनवलेला, ४.१ वर आला आणि मस्त पळायचा, पुढे ५ चं व्हर्जन टाकलं आणि इतका रखडायला लागला की लोक जुनं व्हर्जन परत टाकायचे मार्ग शोधत बसले. तो टॅब तर कंपनीने नीट सांभाळलेला होता. दरवेळी नवं अँड्रॉइड जास्त रॅम मागतं, जास्त जागा खातं, अँड्रॉइड १३ पासून तर स्वस्त मशीनसाठीच्या हलक्या गो एडिशनला सुद्धा किमान २ जीबी रॅम लागते. ३२ जीबीच्या टॅबमधे सिस्टिमच आधी अर्ध्याच्या जवळ जागा धरून बसलेली असते, त्यात व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग आणि लग्नाचे व्हिडिओ, स्टोरेज गच्च भरलं की टॅब हळू होणारच, आणि आपण म्हणतो अपडेट नाही म्हणून हळू चालतो. आधी जागा रिकामी करा, रीसेट मारा, मग बोलू.

अँड्रॉइड कितवं यापेक्षा तुमची ॲप कितव्यापर्यंत चालतात ते बघायला पाहिजे, हे मी सगळ्यांना सांगत असतो. कारण टॅब बंद पडतो तो या बाजूने. व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ जानेवारी २०२५ मधे सोडलं, तेव्हा किमान ५ लागायला लागलं. त्याच ४.४ साठी गुगलने प्ले सर्व्हिसेसचे (बरीच ॲप ज्याच्या आधारावर चालतात त्या गुगलच्या सॉफ्टवेअरचे) अपडेट २०२३ मधे बंद केले होते. क्रोमने २०२५ मधे अँड्रॉइड ८ आणि ९ सोडलं, क्रोमचं १३८ वं व्हर्जन हे त्यांच्यासाठी शेवटचं, पुढच्याला किमान १० लागतं. आणि एक गंमत, म्हणजे ज्याचं होतं त्याला गंमत नाही, जुन्या अँड्रॉइडवर तारीख-वेळ बरोबर असून सुद्धा काही वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात, कारण वेबसाइटच्या खरेपणाची जी सर्टिफिकेटं असतात त्यांची मूळ यादी टॅबच्या सिस्टिममधे असते, अपडेट बंद तर ती यादी पण जुनी, आणि त्यातलं एक फार वापरात असलेलं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला एक्स्पायर झालं. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्यांसाठी केलेली तात्पुरती सोय २०२४ पर्यंत चालली, त्यानंतर त्यांना याचा त्रास. यावर सोपा उपाय फायरफॉक्स, तो स्वतःची यादी स्वतःच घेऊन फिरतो, अर्थात तुमच्या व्हर्जनवर चालणारा मिळाला पाहिजे.

या हिशोबाने अँड्रॉइड १० आणि पुढचे टॅब अजून कामाचे आहेत. १० पासून आणखी एक बरं झालंय, सिस्टिमचे काही भाग गुगल थेट प्ले स्टोअरच्या रस्त्याने अपडेट करू शकतं, टॅबच्या कंपनीला न विचारता. सेटिंगमधे 'गुगल प्ले सिस्टिम अपडेट' म्हणून वेगळी ओळ दिसते ती हीच. नवं व्हर्जन नाही पण अगदीच वाऱ्यावर सोडलेलं पण नाही. त्याच्याच आसपास 'सिक्युरिटी अपडेट' ची तारीख असते, ती बघा. दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर त्या टॅबवर बँकेचं ॲप ठेवू नका, यूपीआय नको, आधारचे पॅनचे फोटो नकोत. यूट्यूब बघा, लेक्चर बघा, पीडीएफ वाचा, पोरांना गणितं सोडवू द्या. आमच्या शेजारचे नाना भजन-कीर्तन आणि केळीचे भाव एवढ्यासाठीच टॅब वापरतात, त्यांना अँड्रॉइड १६ आलं काय आणि २६ आलं काय.

आता यूट्यूबवाले. 'कोणत्याही जुन्या टॅबमधे अँड्रॉइड १५ टाका फक्त ५ मिनिटात' असले व्हिडिओ असतात आणि खाली लिंक. ती लिंक उघडून एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल) टाकू नका, हात जोडून सांगतो. ॲप टाकून अँड्रॉइड बदलत नाही, फार तर लाँचर म्हणजे होम स्क्रीनचं रूप बदलतं, आयकॉन नवे दिसतात, जाहिराती चालू होतात आणि बाकी काय चालू होतं ते त्यालाच माहीत.

खरा जो मार्ग आहे तो कस्टम रॉमचा, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकायचा, लिनिएजओएस वगैरे. हौशी लोक जगभर बसून फुकट काम करतात आणि कंपनीने टाकून दिलेल्या मशीनला चार-पाच वर्षं जास्त जगवतात, त्यांच्याबद्दल मला खरंच आदर आहे. पण त्यांच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल पाहिजे, नुसतं नाव नाही, टॅबच्या मागे छापलेला मॉडेलचा कोड सुद्धा जुळायला पाहिजे, वायफायवाला वेगळा आणि सिमवाला वेगळा. स्वस्त टॅब त्या यादीत फार कमी, कारण परत तेच, त्यांच्या ड्रायव्हरचा कोड नीट बाहेर येत नाही. शिवाय बूटलोडर (दुसरं सॉफ्टवेअर टाकू न देणारं कंपनीचं कुलूप) अनलॉक करताना सगळा डेटा जातो, आणि नंतर बँकेची ॲप बऱ्याचदा चालायला नाही म्हणतात. कॉलेजच्या पोराला शिकायचं असेल तर जरूर करावं, पडून राहिलेल्या टॅबवर. रोज वापरातल्या टॅबवर नको. आणि मार्केटमधे कोणी दोन-तीनशे रुपयात 'नवं सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणालं तर ते बहुतेक वेळा तेच जुनं कंपनीचं सॉफ्टवेअर परत मारलेलं असतं, टॅब स्वच्छ होतो, व्हर्जन तेच राहतं.

आयपॅडचा विषय काढला की लोक चिडतात, महाग म्हणून. पण हिशोब करा ना. २०१७ चा साधा आयपॅड, पाचव्या पिढीचा, आयओएस १० वर आला आणि आयपॅडओएस १६ पर्यंत गेला, २०१८ चा १७ पर्यंत, २०१९ चा १८ पर्यंत. सहा-सात वर्षं. तिप्पट पैसे गेले पण टॅबही तेवढा चालला. फक्त सेकंड हँड घेताना वर्ष बघून घ्या, नाहीतर चमकणारा आयपॅड घरी येतो आणि त्याची अपडेट आधीच संपलेली असतात.

आणि एक आपल्याकडची गोष्ट जी कुठल्याच रिव्ह्यूमधे नसते, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, टॅब खिडकीत, पाठीवर जाड रबरी कव्हर, चार्जर दिवसभर लावलेला आणि वर व्हिडिओ चालू. बॅटरी फुगते. मागचं कव्हर उचललं गेलेले टॅब मी बघितलेत, स्क्रीन एका बाजूने वर आलेली, आणि मालक विचारतोय अपडेट येईल का. असा टॅब ताबडतोब बंद करा, चार्जिंगला तर लावूच नका.

नवा घेणाऱ्यांसाठी. दुकानदार रॅम सांगेल, स्क्रीन सांगेल, कव्हर फुकट देईल. तुम्ही दोनच गोष्टी विचारा, किती अँड्रॉइड व्हर्जन देणार आणि किती वर्षं सिक्युरिटी अपडेट देणार. त्याला माहीत नसणार, चिडू नका, तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून बघा. आणि ती वर्षं टॅब बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात बरेचदा, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही, त्यामुळे सेलमधे चार हजाराने स्वस्त मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा मॉडेल म्हणजे आधीच अर्धा खर्च झालेला माल. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय की त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट मिळत राहिले पाहिजेत, फोन आणि टॅब दोघांना. तो तिकडच्या विक्रीला लागू, जळगावच्या दुकानात त्याच्या जोरावर भांडता येणार नाही, पण कंपन्या तिकडे आणि इकडे बऱ्याचदा तेच मॉडेल विकतात, त्यामुळे तिकडे पण मिळतो असा टॅब घेतला तर थोडा फायदा आपल्याला पण होईल असं मला वाटतं. ४ जीबीच्या खाली घेऊ नका, ६४ जीबीच्या खाली तर अजिबात नको. जुना टॅब एक्स्चेंजमधे देऊन पाच-सहाशे मिळत असतील तर त्यापेक्षा आजीला द्या, डेटा पुसून.