चार नावं, एक धून

आज दुपारभर कोडी सोडवत होते. पाश्चात्त्य अभिजात संगीतावरची. संगीतकारांची नावं दिलेली असतात, त्यांना जोडणारी कृती आपण शोधायची. एक काही केल्या सुटेना: लिस्ट, ब्राम्स, राखमानिनॉव्ह, लुटोस्लाव्स्की. हंगेरी, जर्मनी, रशिया, पोलंड. शंभर वर्षांचा पसारा!

शेवटी चौघांनी पियानोसाठी काय काय लिहिलं ते आठवत बसले आणि धागा सापडला. पागानिनी, इटलीचा व्हायोलिनवादक आणि संगीतकार! त्याची 24वी कप्रीस (मुक्त ढंगाची छोटी रचना), 1820 साली छापलेली, एकट्या व्हायोलिनसाठी. आणि या चौघांनी ती पियानोवर आणली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग याच धुनेवर बेतलेली राखमानिनॉव्हची 1934ची ऱ्हॅप्सडी (मोकळ्या घाटाची रचना) लावली. तिच्यातलं सगळ्यांचं लाडकं 18वं व्हेरिएशन, म्हणजे मूळ धुनेचं बदललेलं रूप, हे पागानिनीचीच धून उलटी केलेली: सूर चढतात तिथे उतरवले, उतरतात तिथे चढवले. माहीत असूनही कानाला पटत नाही, इतकी ती नवी वाटते.

लुटोस्लाव्स्कीची गोष्ट तर आतून हलवणारी. 1941, नाझींच्या ताब्यातलं वॉर्सा. जाहीर मैफलींवर बंदी, म्हणून तो आणि त्याचा संगीतकार मित्र पानुफ्निक कॅफेत दोन पियानोंवर वाजवायचे. त्या जोडीसाठी लुटोस्लाव्स्कीने पागानिनीच्या धुनेवरची ही व्हेरिएशन्स लिहिली. कोड्यात याचं फक्त नाव होतं, चौथं.

आता एक तुमच्यासाठी. मुसॉर्गस्की 1874, राव्हेल 1922. कृती कोणती? गूगल न करता सांगा, आणि उत्तर आलं की दोन्ही रूपं लागोपाठ ऐका.